२८० रुपयांचा कोयता हाताजोगा करताना

गुहागर तालुक्यात आमच्या घरामागे वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. २०२१ च्या पावसात तिथे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची चाळीसेक काजूकलमं लावली. २०२३ च्या गणपतीला गेलो तेव्हा रानमोडी, म्हणजे झुडपासारखं वाढणारं तण, कलमांच्या डोक्यावरून गेली होती. बेणणीला गडी मिळेना. भातकापणी तोंडावर, ज्याला त्याला आपापलं शेत. घरात सासऱ्यांचा कोयता आहे, पण तो त्यांच्या हाताचा. पाच मिनिटं चालवला की माझं मनगट भरून येतं. गावातली लोहाराची भट्टी बंद होऊन वर्षं झाली. तेव्हा दिवाळीला येताना माझ्या हाताला बसेल असा कोयता घेऊन यायचं ठरवलं.

पुण्यात बाजारात मिळणारा स्वस्त कोयता हा अर्धवट तयार माल असतो. पातं बरं असतं, पण धार नुसती चाकावर ओढलेली आणि मूठ कुणाच्याच हाताची नसलेली. उरलेलं काम घेणाऱ्याने करायचं असतं. पूर्वी ते गावचा लोहार करून द्यायचा. मी माहिती शोधली तेव्हा जे सापडलं ते बहुतेक लांब, सरळ पात्यांबद्दलचं, आणि सांगणाऱ्याकडे विजेवरचा पट्ट्याचा ग्राइंडर. आत वळलेलं पातं, हातातली कानस आणि फ्लॅटची गच्ची एवढ्यावर काय करता येतं हे सलग कुठे मिळालं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

खरेदी शुक्रवारी, ६ ऑक्टोबरला संध्याकाळी केली. मला शनिवारी सुट्टी, पण सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्ष चालू आहे, त्यात शनिवारी लोखंड घरात आणू नकोस गं." म्हणून ऑफिसमधून लवकर निघाले आणि रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. पितृपक्षामुळे गर्दी नव्हती, दुकानदाराला बोलायला वेळ होता. त्याने आधी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयते परजत दहशत माजवणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज येत होत्या, आणि कोयता विकताना घेणाऱ्याच्या ओळखीची नोंद ठेवा असं पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितलं होतं. शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली. वहीत नाव, पत्ता, मोबाइल, कशासाठी हवा ते लिहून सही केली. "ताई, नाराज होऊ नका, सगळ्यांनाच विचारतो," दुकानदार म्हणाला. मला त्यात वावगं वाटलं नाही. तुम्ही जाणार असाल तर झेरॉक्स घरूनच न्या.

पक्कं बिल मागून घ्या, हे मात्र आवर्जून सांगते. हाताने वापरायची शेतीची अवजारं जीएसटीत ८२०१ या क्रमांकाखाली येतात आणि त्यांच्यावर कर शून्य. माझ्या बिलावर 'कोयता, शेती अवजार, ८२०१' असं छापून आलं आणि कराच्या रकान्यात शून्य. पुढे हा कागद कामाला आला. त्याच दुकानातून घेतलेल्या कानशींना १८ टक्के लागले, त्या वेगळ्या क्रमांकात जातात.

निवडताना दुकानदाराने सात-आठ कोयते समोर टाकले. सगळे एकसारखे दिसतात, पण नसतात. पात्याच्या पाठीवरून एक डोळा मिटून टोकापर्यंत बघा, वाक असेल तर लगेच कळतो. मुठीला दोन बोटांत हलकं धरून पात्यावर नखाने टिचकी मारा. सैल बसलेलं पातं बद्द वाजतं, घट्ट बसलेलं खणखणीत. आणि परवानगी घेऊन धारेवर कानशीचा एक हलका हात मारून बघा. कानस नुसती घसरून गेली तर धारेला पाणी (लोखंड तापवून, एकदम थंड करून आणलेला कडकपणा) फार कडक दिलंय, घरी घासता घासता जीव जाईल आणि दगडावर बसला तर तुकडा उडेल. कानस कुठेही सहज चावत गेली तर पाणी दिलेलंच नाही, धार टिकणार नाही. मला हवा तसा एक मिळाला. धारेजवळ कानस चावत होती, पण अडून अडून, आणि मुठीकडच्या भागात सहज. म्हणजे फक्त धारेच्या पट्टीला पाणी दिलेलं होतं. पातं दहा इंच, पाठीला जाडी चार मिलिमीटर, किंमत २८० रुपये. मूठ आताच हलत होती, पण ती मी बदलणारच होते.

बाकीचं सामान: दहा इंची अर्धगोल कानस ३२० रुपये, तेवढीच चपटी २६०, दोन्ही बास्टर्ड कटच्या, म्हणजे जरा भरड दातांच्या. अर्धगोल कशाला, हा प्रश्न मलाही होता. कोयत्याची धार आतल्या बाजूला वळलेली असते. चपटी कानस तिथे कडांवरच टेकते आणि धारेत खाचा पाडते. पोटातल्या वळणाला अर्धगोलच लागते, चपटी चोचीजवळ (पात्याच्या वाकलेल्या टोकाशी) आणि पाठीला. कानशी दांड्याशिवाय विकतात, २५ रुपयांचा लाकडी दांडा प्रत्येकीला घ्याच, नाहीतर तिचं अणकुचीदार टोक तळहातात जातं. दोन सी क्लॅम्प, कार्बोरंडमचा दगड, पॉलिश पेपर, चष्मा, कातडी हातमोजे, अ‍ॅराल्डाइट, जवसाचं डबल बॉइल तेल आणि घणाचा बाभळीचा तयार दांडा (६० रुपये) असं सगळं, आणि नंतर केलेलं कव्हर धरून, खर्च २,१८५ रुपयांवर गेला. चांगला घडवलेला कोयता याहून कमी पैशांत मिळतो. पैसे वाचवायला हे करू नका. कानशी, क्लॅम्प, दगड पुढे पुष्कळ वर्षं राहतात, आणि मूठ आपल्या हाताची होते, हा खरा फायदा. कानशीवरचा शिक्का बघून एक छान वाटलं. शिक्का जेके फाइल्सचा, आणि त्यांचे कारखाने तेव्हा रत्नागिरी आणि चिपळूणला होते. आमच्या जिल्ह्यातली कानस पुण्यात घेऊन कोयत्यासोबत परत जिल्ह्यात चालली होती.

घरी आल्यावर मनात धाकधूक सुरू झाली ती कायद्याची. बातम्यांत कोयता हा शब्द रोज येत असताना आपण तो गच्चीवर घासत बसायचं, मग गाडीत टाकून वाटेतल्या नाक्यांवरून न्यायचा. तेव्हा नियम वाचून काढले. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे शस्त्र नियम २०१६ चे. तलवारी, खंजीर, सुरे आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तशी हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, पण घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. माझं पातं दहा इंचांचं, म्हणजे सूट मिळते ती शेतीचं अवजार म्हणूनच. यावरून एक गोष्ट मी पक्की केली: आकार बदलायचा नाही. चोच तशीच ठेवायची, टोक अणकुचीदार करायचं नाही, पाठीला दुसरी धार लावायची नाही. त्याची काजूच्या बागेत गरजही नसते. दुसरं म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७. सणासुदीला, निवडणुकांत या कलमाखाली हत्यारं घेऊन फिरण्यावर मनाई आदेश निघतात. आपल्या जिल्ह्यात तेव्हा असा आदेश आहे का, ते निघण्याआधी बघून घ्या.

एवढं वाचूनही समाधान होईना, म्हणून सोमवारी बिल घेऊन जवळच्या पोलीस चौकीत गेले. अर्धा तास बसावं लागलं. हवालदारांनी बिल पाहिलं, गाव विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर तेही विचारलं. म्हणाले, "लेखी असं काही मिळत नाही ताई. पातं गुंडाळून डिकीत ठेवा, बिल सोबत ठेवा, हातात घेऊन हिंडू नका." सातबाऱ्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा असंही त्यांनीच सुचवलं. महाभूलेखवरून ती काढून ठेवली. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही सांगून टाकलं की आठवडाभर संध्याकाळी गच्चीवर कानशीचा आवाज येईल, शेतीचं अवजार आहे. न सांगता करत बसले असते तर कुणीतरी घाबरलं असतं, आणि ते साहजिक होतं.

कोयता सोडवणं सोपं गेलं. या कोयत्यांत पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन खाली वाकवलेलं असतं. ते हातोडीने सरळ केलं, पातं फडक्यात गुंडाळून धरलं, मुठीवर वरून लाकडी ठोकळ्याने मारलं तशी मूठ निघाली. आत शेपटाभोवती कागदाचा बोळा कोंबलेला होता. पात्यावरचं लाखेसारखं पातळ पॉलिश थिनरने पुसलं. पाठीच्या दोन्ही कडा कात्रीसारख्या कापणाऱ्या होत्या. त्या चपट्या कानशीने गोल केल्या. पाठीवर डाव्या हाताचा तळवा टेकवून दाब द्यायची वेळ बागेत पुष्कळदा येते, त्यामुळे हे काम आळसाने सोडू नका.

आता धार. कुणीही सांगेल, अँगल ग्राइंडर आण, पाच मिनिटांत होईल. माझं मत स्पष्ट आहे: ज्याने आधी ग्राइंडर हाताळलेला नाही त्याने तो कोयत्याच्या धारेला लावू नये. धारेजवळ लोखंड पातळ असतं, उष्णता साठून क्षणात रंग चढतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि निळा आला की साधारण ३०० अंश झाले. तेवढ्या पट्टीचं पाणी उतरलं, ती पुन्हा पुन्हा बोथट होणार. परत पाणी द्यायला भट्टी लागते. कानशीने लोखंड कोमट होतं, त्यापलीकडे नाही.

गच्चीवरच्या जुन्या टेबलाला फळी, फळीवर पातं आडवं, धार टेबलाबाहेर दोन बोटं, वरून दोन सी क्लॅम्प. क्लॅम्पखाली पुठ्ठ्याचे तुकडे, नाहीतर पातं घसरतं. दुकानातून आलेली धार फारच उभी होती, एका बाजूने पस्तीस अंश असेल. हिरव्या झुडपाला, बोटभर जाडीच्या फांदीला वीस अंश पुरतात, सुक्या लाकडाला पंचवीस-तीस ठेवावे. मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने पुठ्ठ्याची वीस अंशांची पाचर कापली आणि दर थोड्या वेळाने कानस तिच्याशी जुळवून बघत राहिले. दुसरी युक्ती मार्करची. धारेलगतची पट्टी काळ्या मार्करने रंगवायची, दोन-चार हात मारायचे आणि बघायचं, काळं कुठलं गेलं. फक्त वरच्या अंगाचं गेलं तर कानस फार झोपली, धारेच्याच काठाचं गेलं तर फार उभी. सगळी पट्टी एकसारखी उजळली की हात बरोबर पडतोय. डोळ्यांनी कोन ओळखता येत नसेल त्याला हा मार्कर गुरूसारखा शिकवतो.

कानस फक्त पुढे ढकलताना कापते. मागे आणताना उचलायची, घासत आणली तर तिचे दात मरतात. आणि नुसती सरळ ढकलायची नाही, ढकलता ढकलता धारेच्या लांबीने थोडी सरकवायची, म्हणजे खड्डे पडत नाहीत. दातांत लोखंडाचा चुरा अडकला की पात्यावर ओरखडे उठतात. त्यासाठी कानशीवर आधीच शाळेचा साधा खडू घासायचा, चुरा खडूत बसतो आणि तारेच्या ब्रशने झटकला की निघतो. खाली वर्तमानपत्र हवंच. लोखंडाचा कीस ओल्या फरशीवर राहिला तर गंजाचे डाग पडतात आणि मग निघत नाहीत. स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं की सगळा कीस पिशवीला चिकटतो, पिशवी उलटी करून काढली की झालं.

रोज संध्याकाळी तासभर असं सर्वपित्री अमावस्येपर्यंत, म्हणजे १४ ऑक्टोबरपर्यंत चाललं. पहिल्या दिवसांत काहीच होत नाहीसं वाटतं. पट्टी वर वर रुंद होत जाते, पण धार बोथटच. हाच टप्पा माणसाला कंटाळा आणणारा आहे आणि इथेच लोक ग्राइंडर आणतात. थांबा. दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना भिडेपर्यंत धार येतच नाही, आणि भिडले की एकदम येते. ती आल्याची खूण बोटाला कळते. एका बाजूने घासत असताना दुसऱ्या बाजूला धारेवर केसाएवढा लोखंडी काठ उलटतो. अंगठा धारेला आडवा, पाठीकडून धारेकडे सरकवत बाहेर न्यायचा, की तो काठ खरखरतो. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नका. मुठीपासून चोचीपर्यंत अखंड खरखर लागली की बाजू बदलायची. गुरुवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा अखंड लागली, आणि मला इतका आनंद झाला की नवऱ्याला वर बोलावून त्याचाही अंगठा फिरवायला लावला.

मग कार्बोरंडमचा दगड पाण्यात भिजवून, आधी खरबरीत आणि मग बारीक बाजूने. इथे कोन थोडा उभा केला, पंचवीसच्या आसपास, म्हणजे अगदी काठाला जरा बळ राहतं. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके हात, उलटलेला काठ जाईपर्यंत. चोचीजवळची दीड इंच धार मी मुद्दाम जाड ठेवली, कारण गवतात लपलेला दगड आधी चोचीला लागतो. दाढी करता येईल, कागद कापता येईल अशी धार कोयत्याला नको. पहिल्याच घावाला ती जाते. सोसायटीतल्या शेवग्याची छाटायची फांदी माळीदादांनी दिली, ती एका तिरक्या घावात साल न लोंबता तुटली. तेवढं पुरे.

घटस्थापनेला, १५ ऑक्टोबरला मूठ बसवली. बाभळीचं लाकूड चिवट, धक्का सोसणारं, म्हणून अवजारांना पूर्वापार तेच. साग दिसायला देखणा, पण सुतारांकडे विचारलं तर तेही बाभूळच सांगतात. घणाच्या दांड्यातून साडेसहा इंचांचा तुकडा कापला. जाडी ठरवायला एक सोपी रीत आहे. मुठीभोवती हात आवळल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतली तर मूठ बारीक, पोचलीच नाहीत तर जाड. बाजारातल्या मुठी पुरुषाच्या पंजाच्या असतात, बायकांनी हे माप घेतल्याशिवाय राहू नये. दुसरं, मूठ लंबगोल करा. गोल मुठीत पातं हातात फिरतं, घाव तिरका पडतो. लंबगोल मुठीत न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

भोक आधी बारीक ड्रिलने आरपार, मग वरच्या अर्ध्यात जाड ड्रिलने. पण शेपूट चौकोनी आणि निमुळतं, ड्रिलच्या गोल भोकात ते कधीच नीट बसत नाही. म्हणून जुनी पद्धत: शेपूट तापवून लाकडात जाळत बसवायचं. पात्याला सुती फडक्याचे तीन-चार वेढे दिले, फडकं चिंब ओलं केलं, फक्त शेपूट बाहेर. गच्चीवर छोट्या सिलिंडरच्या शेगडीवर शेपूट मंद लाल होईपर्यंत धरलं. नवरा फडक्यावर तांब्याने पाणी टाकत राहिला. शेपूट लाल असताना पातं हाताला थंड लागलं पाहिजे, म्हणजे धारेचं पाणी सुरक्षित. मग भोकात दाबायचं, धूर येऊ लागतो, दोन-तीन सेकंदांत लगेच बाहेर काढायचं, नाहीतर भोक जळून सैल होतं. पुन्हा तापवायचं, पुन्हा दाबायचं. दर वेळी थोडं आत जातं. बाभळीच्या जळण्याचा वास कपड्यांना दोन दिवस राहिला. बोटभर बाकी असताना थांबले, आतला कोळसा खरवडून फुंकून काढला.

प्लंबरकडून मिळालेल्या लोखंडी पाइपाचा अर्धा इंच तुकडा मुठीच्या तोंडाशी कडं म्हणून ठोकला. हे कडं नसेल तर मूठ पहिल्या जोरदार घावाला चिरते. मग अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात कालवून भोकात भरलं, शेपूट घातलं. शेवटची बोटभर ठोकताना पात्यावर हातोडी मारायची नाही. मूठ खाली, पातं वर असं धरून मुठीचा बुडखा लाकडी ठोकळ्यावर आपटायचा. पात्याच्या वजनानेच शेपूट खाली उतरत जातं. खाली बाहेर आलेल्या टोकावर वायसर घालून ते हातोडीने ठोकून पसरवलं. पूर्ण चोवीस तास हात लावला नाही.

पुढचे दिवस पॉलिश पेपर आणि तेल. आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. हातात धरून बघायचं, जिथे टोचतं तिथे घासायचं, एवढाच नियम. जवसाचं तेल पातळ हाताने लावून, जास्तीचं पुसून, दिवसाआड एक हात. व्हार्निश लावू नका, घामाने हात सटकतो आणि फोड येतात. या तेलाबाबत एक गंभीर गोष्ट. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. चिंधी दोरीवर पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून मग टाकायची. घरात लहान मुलं असतील तर हे आधी लक्षात ठेवा.

२३ ऑक्टोबरला खंडेनवमी. दरवर्षी आमच्याकडे मिक्सर, लॅपटॉप आणि नवऱ्याची ड्रिल पूजेला मांडतात. या वेळी पाटावर मधोमध कोयता आणि दोन्ही कानशी होत्या. सासूबाईंनी मुठीला हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला, आणि मूठ हातात घेऊन म्हणाल्या, "माझ्याही हाताला बसते."

कव्हर चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडून १५० रुपयांत करून घेतलं. जुन्या बॅगेचं जाड कातडं, आणि धारेच्या बाजूला आतून कातड्याची एक जादा पट्टी, म्हणजे धार शिवणीला लागत नाही. ही पट्टी सांगितल्याशिवाय कुणी घालत नाही. काकांना पातं नेऊन दाखवलं नाही. पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढून नेला. रस्त्यावर उघडा कोयता न्यायचाच नाही.

१० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीला निघालो. पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण असा नेहमीचा रस्ता. कोयता कव्हरसकट गोणपाटात, डिकीत तळाशी, बिल डॅशबोर्डात. कुणी अडवलं नाही, पण कागद जवळ असल्यामुळे मन शांत होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत उतरले. शेजारचे काका बांधावर आले. आयुष्यभर कमरेच्या आकडीत कोयता अडकवून हिंडलेला माणूस. त्यांनी तो हातात घेतला, धार उजेडाकडे धरून बघितली, मनगट दोन-तीनदा सोडलं. "धार बरी हाय वैनी. बुडखा आनखी जरा खाली वाकता ठेवा, घामात हात निसटत न्हाई." मग रानमोडी कशी तोडायची तेही दाखवलं. डाव्या हाताने झुडूप पलीकडे झुकवायचं, डावा पाय मागे, ताणल्या गेलेल्या बाजूला बुंध्यापाशी तिरका घाव. आडवा मारला तर कोयता उडून येतो. आणि आपल्या मागे, बाजूला, हात फिरेल तेवढ्यात कुणी उभं नाही हे दर वेळी बघायचं. जेवणापर्यंत सात कलमं मोकळी झाली. मनगट दुखलं, पण भरून आलं नाही, तळहाताला फोड नाही. त्या दुपारी मी किती खूश होते ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गवतातल्या चिऱ्यावर घाव बसला. धारेला मुगाएवढी मुरड पडली. मुरड पडली हे चांगलं लक्षण होतं. पाणी जास्त कडक असतं तर तेवढा तुकडाच उडाला असता. अर्धगोल कानशीचे थोडे हात आणि मग दगड, चहा होईपर्यंत धार परत आली. आता बागेत जाताना दगड खिशात असतो, तासाभराने दोन्ही बाजूंना चार-चार हात. पूर्ण बोथट होऊ दिला की पुन्हा कानशीपासून सुरुवात करावी लागते.

काकांच्या सांगण्याप्रमाणे बुडखा नंतर पॉलिश पेपरने खालच्या बाजूला उतरता केला. कोकणात कोयता कव्हरमध्ये ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि आतल्या आत पातं खातं. कव्हर फक्त प्रवासापुरतं. रोजच्याला काम झालं की चीक पुसायचा, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि खुंटीला टांगायचं. काजूच्या फांद्या तोडल्या तर चीक लगेच पुसा, वाळला की रॉकेलशिवाय निघत नाही. जूनमध्ये पाऊस लागण्याआधी पात्याला ग्रीस चोपडून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळते आणि चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवते, तिथे हवा कोरडी राहते. कानशी मात्र पुण्याला परत आणते. त्यांना तेल लावून ठेवता येत नाही, तेलकट कानस लोखंडावरून घसरते, आणि दमट हवेत दात गंजले की ती गेली.